उन्हाळ्यांवरचा मुक्काम



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा एखाद्या संपाचा किंवा एखाद्या कायद्याचा इतिहास आम्ही सांगू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही म्हटले, ‘ऊन पाण्याच्या झऱ्याजवळ मुक्कामाची जागा कशी निवडावी, यावर बोलू.’ चालकांनी एकमेकांकडे पाहिले. पण ते सभ्य गृहस्थ, त्यांनी विषय लिहून घेतला. तेव्हा हा विषय आम्हांला कसा सुचला, ते प्रथम सांगणे भाग आहे.

माजिवड्याच्या बाजूस एक कारखाना होता. होता म्हणजे आज नाही. त्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. ज्या जमिनीवर त्याचे धुराडे होते तिथे आज उंच इमारती आहेत. कारखाना बंद झाला, देणी चुकती व्हायला वर्षे लागली, आणि सर्व हिशेब मिटल्यावर आमच्या संघटनेच्या निधीत थोडीशी रक्कम शिल्लक राहिली. माणसे उरली होती एक्केचाळीस. वाटून घ्यावी तर प्रत्येकाच्या हाती एका दिवसाच्या बाजारहाटाइतकेसुद्धा पैसे पडले नसते. शेवटी ठरले, की सर्वांनी मिळून एकदा कुठेतरी दोन रात्री राहून यावे. आमच्या हिशेबतपासनिसाने भुवई उंचावली. आम्ही त्याला १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याचे १५ वे कलम दाखवले. सभासदांच्या शैक्षणिक, सामाजिक वा धार्मिक लाभासाठी निधी खर्च करण्याची मुभा त्यात होती. सहल ही यांपैकी कशात मोडते, असे त्याने विचारले. आम्ही म्हटले, तिन्हींत.

पण जायचे कुठे? सभेत तीन पक्ष पडले. एक पक्ष समुद्राचा : केळवे, अलिबाग, फार तर गणपतीपुळे. दुसरा देवाचा. तिसरा पक्ष लहान होता, पण हट्टी होता. तो होता गुडघे दुखणाऱ्यांचा. त्यांचा म्होरक्या अठ्ठावीस वर्षे बॉयलरवर काम केलेला माणूस. जन्मभर वाफेत शिजलेल्या या गृहस्थाला सुटीतही गरम पाणीच हवे होते, याचे सर्वांना हसू आले. तो मात्र हसला नाही. इतक्यात एका सभासदाच्या मुलाने आपल्या फोनवर एक चित्र दाखवले. जपानमधले समुद्रकाठचे विश्रामगृह. लाकडी घर, खाली लाटा, आणि खडकातल्या डोहात वाफाळते पाणी. समुद्रही आहे, ऊन पाणीही आहे. मुलगा म्हणाला, ‘काका, आपल्याकडेही समुद्र आहे आणि गरम पाण्याचे झरे आहेत. मग असे घर आपल्याकडे का नाही?’

सभा दुसऱ्या विषयाकडे वळली. आम्ही मात्र त्या प्रश्नापाशीच राहिलो. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे काही झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयांच्या बाकांवर. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, त्या संस्थेचे आमच्यासारख्यांवर मोठे ऋण आहे. या प्रश्नाचा शोध आम्ही त्याच सवयीने घेतला. जे सापडले ते आपल्यापुढे मांडतो.

आधी पाण्याविषयी. कोकणी माणूस ऊन पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतो. राजापूरजवळ उन्हाळे नावाचे गावच आहे, रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे आहे, पालीजवळ उन्हेरे आहे. सगळी नावे एकाच ‘ऊन’ शब्दाची लेकरे. समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या पट्ट्यात, उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत, अठरा ठिकाणी साठेक झरे भूवैज्ञानिकांनी नोंदलेले आहेत. सातिवली, गणेशपुरी, अकलोली, महाडजवळचे सव, संगमेश्वराकडची तुरळ, राजवाडी, आरवली ही त्यांतली काही. उन्हवऱ्याचे पाणी सर्वांत तापट, सत्तर अंशांच्या घरातले. पुष्कळांना वाटते, की खाली ज्वालामुखी धुमसत असावा. तसे नाही. ज्या लाव्हारसाने आपला काळा पाषाण घडला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच निवला. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या स्वाभाविक उष्णतेने तापते, आणि दुसऱ्या भेगेने वर येते. वर येताना खडकातले क्षार घेऊन येते, म्हणून त्याला चव असते आणि कित्येक ठिकाणी गंधकाचा वास असतो. जपानमध्ये मात्र पुष्कळ ठिकाणी खरोखरच ज्वालामुखीची ऊब असते. तेव्हा त्यांचा डोह आणि आमचे कुंड यांत निसर्गाने थोडा पंक्तिप्रपंच केला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण गुडघ्याला हा फरक कळत नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. माजिवड्याच्या नाक्यावर उभे राहिले, की वज्रेश्वरीला जायला दोन रस्ते फुटतात. एक कशेळीचा पूल ओलांडून भिवंडी-अंबाडीवरून. दुसरा घोडबंदरवरून खाडीपार होऊन अहमदाबादच्या महामार्गाने शिरसाड फाट्यापर्यंत आणि तिथून आत. दोन्ही रस्ते वसईच्या मोहिमेच्या मुलुखातून जातात. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, त्या कामी खाडीपलीकडच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांची मदत मोलाची झाली. आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. परंपरा अशी सांगते, की वसईकडे जाताना आप्पांचा तळ तानसा नदीकाठी वडवलीला पडला होता. किल्ला हाती येईना तेव्हा त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला, की किल्ला मिळाला तर तुझे देऊळ किल्ल्यासारखे बांधीन. वसई पडल्यावर सुभेदार शंकर केशव फडके यांनी देऊळ उभारले. आजही त्याला तट आहे, नगारखाना आहे, आणि वर जायला दगडी पायऱ्या आहेत. म्हणजे पाहा, एका लढाईच्या नवसातून हे ठिकाण नावारूपाला आले. ऊन पाणी त्याच्या आधीही होतेच. लोक म्हणत, देवीने मारलेल्या दैत्यांचे ते ऊन रक्त. कुंडांना सूर्य, चंद्र, अग्नी, वायू अशी नावे मिळाली. अकलोलीला कुंडांशेजारी रामेश्वर बसला, गणेशपुरीला भीमेश्वर. पाणी देवाचे झाले. आणि जे देवाचे, त्याच्या काठी धर्मशाळा येते, विश्रामगृह येत नाही.

यात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. धर्मशाळा हा धंदा नव्हता, ते दान होते. प्रवाशाने आपला शिधा आणावा, तीन दगडांची चूल मांडावी, रात्र काढावी, सकाळी निघावे. परक्याच्या हातचे अन्न चालत नसे, म्हणून परक्याला जेवू घालण्याचा व्यवसायही वाढला नाही. तो वाढला मुंबईत, गिरणगावात, जिथे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या पुरुषांना दोन वेळचे जेवण कुणीतरी घालणे भागच होते. तिथे खाणावळवाल्या बाया उभ्या राहिल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, हा इतिहास आपण जाणता. जपानी विश्रामगृह चालवणाऱ्या मालकिणीला ‘ओकामी’ म्हणतात, आणि सारे घर तिच्या नजरेवर चालते असे वर्णन आम्ही वाचले, तेव्हा आम्हांला लालबागच्या एका खाणावळवालीचीच आठवण झाली. फरक एवढाच, की तिच्या माडीखाली ऊन झरा नव्हता.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग साहेबाकडे आहे. साहेबाला हवापालट हवी असे; पण त्याला हवा थंड लागे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले आणि त्या डोंगराचे भाग्य उघडले. बंगले आले, हॉटेले आली, १९०७ साली आदमजी पीरभाईंची छोटी आगगाडी आली. त्याच कलेक्टराच्या ताब्यातल्या जिल्ह्यात तानसेच्या पात्रात ऊन पाणी वाहत होते. साहेबाच्या स्वतःच्या देशात बाथ नावाचे गाव ऊन पाण्यावरच थोर झालेले. पण इथल्या उकाड्यात ऊन पाणी कुणाला हवे? सरकारी गॅझेटिअरात वर्णन आले, सरकारी रस्त्यात मात्र ते ठिकाण आले नाही. तानसेचे थंड पाणी साहेबाने बरोबर ओळखले. १८९२ साली धरण पुरे झाले आणि त्या नदीचे पाणी नळांतून मुंबईला गेले. ऊन पाणी जागीच राहिले, यात्रेकरूंसाठी, आदिवासींसाठी, आणि पुढे १९३६ च्या सुमारास गणेशपुरीला येऊन राहिलेल्या नित्यानंद स्वामींच्या भक्तांसाठी. स्वामींच्या काळात कुंडांची डागडुजी झाली, वस्ती वाढली. १९६१ साली ते समाधिस्थ झाले.

इतके सांगितल्यावर जपानकडे जाऊ. तिथेही आरंभी पाणी देवाचेच होते आणि झऱ्याशेजारी देऊळच होते. पण तिथल्या शेतकऱ्यांत आणि कोळ्यांत एक चाल होती; तिला ‘तोजी’ म्हणतात. पीक घरात आले, की अंग मोडून काम केलेली माणसे आपले तांदूळ, आपली भाजी बांधून झऱ्यावर जात आणि एकेक आठवडा, कधी तीन आठवडे तिथे राहत. खोलीचे भाडे तेवढे द्यायचे, स्वयंपाक आपला आपण करायचा. समुद्रकाठच्या बेप्पू गावी दोन हजारांहून अधिक उगम आहेत. तिथे कान्नावा नावाच्या भागात भाड्याच्या खोल्यांच्या अंगणात जमिनीतून येणाऱ्या वाफेवर भांडी ठेवून पाहुणे आपला भात शिजवीत, आजही शिजवतात. आणखी एक गोष्ट आम्हांला फार भावली. आतल्या समुद्राच्या बेटांवरून, किनाऱ्यांवरून माणसे आपापल्या होड्या घेऊन बेप्पूच्या बंदरात येत, होडीतच राहत, होडीतच निजत, आणि दिवसभर काठावरच्या स्नानगृहांत जात. त्यांच्यापुढे विश्रामगृह निवडण्याचा प्रश्नच नव्हता. घर त्यांनी बरोबर आणलेले होते. आमच्या वसईच्या कोळीवाड्यातला माणूस हे ऐकून म्हणाला, ‘म्हणजे आमच्यासारखेच की!’

तेव्हा फोनवरच्या चित्रातले ते लाकडी घर ही त्या इतिहासाची वरची माडी आहे. तळमजला शेतकऱ्या-कोळ्यांच्या स्वस्त खोल्यांचा आहे. माडी पाहून आपण दिपतो आणि तळमजला विसरतो.

त्याहून महत्त्वाचे एक उदाहरण सांगतो. शिकोकू बेटावर मात्सुयामा शहरालगत दोगो नावाचा फार जुना झरा आहे. १८९० च्या सुमारास तिथले सार्वजनिक स्नानगृह मोडकळीला आले. इसानिवा युकिया नावाचे गृहस्थ गावाचे प्रमुख होते. त्यांनी ठरवले, की गावाने खर्च करून असे स्नानगृह बांधायचे, की तसे दुसरीकडे नसावे. गावकरी खवळले. कर्ज कोण फेडणार, कर किती वाढणार, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता. इसानिवांनी स्वतःचे वेतन सोडले, पण हेका सोडला नाही. १८९४ साली तीन मजली लाकडी इमारत उभी राहिली. पुढल्याच वर्षी नात्सुमे सोसेकी नावाचे तरुण मास्तर त्या शहरात शिकवायला आले. त्यांनी १९०६ साली लिहिलेल्या ‘बोच्चान’ या कादंबरीमुळे ते स्नानगृह साऱ्या जपानला ठाऊक झाले. ती इमारत आज शहराच्या मालकीची आहे. तिथे निरनिराळ्या दरांची तिकिटे आहेत. वरच्या मजल्यावर बसून चहा घ्यायचा तर जास्त पैसे, नुसते स्नान करायचे तर थोडे. २०१९ ते २०२४ अशी तिची मोठी दुरुस्ती झाली, ती सुद्धा स्नान साफ बंद न करता. गावाने झरा आपल्या हाती ठेवला, म्हणून झऱ्याभोवतीची खाजगी विश्रामगृहे जगली आणि गरीबही बाहेर पडला नाही. आमच्या मते निवड इथे होते. विश्रामगृह निवडणे ही पुढची गोष्ट; आधी झरा कोणाचा, हे निवडावे लागते.

उलट उदाहरणही त्याच देशात आहे. टोकियोच्या नैऋत्येस आतामी नावाचे समुद्रकाठचे ऊन पाण्याचे गाव आहे. १९२५ साली तिथे आगगाडी पोहोचली, १९६४ साली नवी वेगवान गाडी तिथे थांबू लागली. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी आणि कचेऱ्यांनी आपल्या माणसांना सामुदायिक सहलीला नेण्याची प्रथा पाडली. १९४७ च्या कायद्याने तिथल्या कामगाराला वर्षाला सहा दिवस पगारी रजा मिळू लागली होती. रजा लहान आणि सहल कंपनीची, अशी ती रीत. शेकडो खोल्यांची हॉटेले उठली. हॉटेलातच स्नान, हॉटेलातच जेवण, हॉटेलातच दुकान; पाहुणा गावात पाऊल टाकीनासा झाला. मग १९९० नंतर कंपन्यांचे दिवस फिरले, सहली थांबल्या, आणि हॉटेलांना कुलुपे लागली. गाव पुढे सावरले, पण पुष्कळ वर्षांनी. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे परळ आले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली तेव्हा नाक्यावरची इस्त्रीची, चहाची, खाणावळीची दुकानेही तशीच विझली होती. एका गिऱ्हाइकावर उभे राहिलेले गाव त्या गिऱ्हाइकाबरोबर बसते.

पगारी रजेचा विषय निघाला आहे, तर आमचे घरचे थोडे बोलू द्या. सुटी कुणी दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी घातली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहाएक हजार कामगार जमले, त्या सभेत कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पगारी रजेला त्यापुढे अर्धे शतक लागले. फ्रान्सच्या कामगारांनी १९३६ च्या संपांत दोन आठवडे मिळवले आणि त्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबांनी जन्मात प्रथम समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या माणसाला वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली. पण रजा मिळाली तरी जायचे कुठे? मुंबई-ठाण्याचा कामगार रजा घेऊन गावी गेला, भात लावायला नाहीतर लग्नाला. रजा म्हणजे विश्रांती, हे त्याला कधी कुणी शिकवले नाही. आमच्या संघटनेनेही नाही. आम्ही रजेच्या दिवसांसाठी भांडलो, त्या दिवसांचे काय करायचे याचा विचार केला नाही. ही आमची चूक आम्ही इथे कबूल करतो.

आता एक अवघड गोष्ट. वर आम्ही म्हटले, की आमचे झरे देवाचे झाले. देवाचे म्हणजे सर्वांचे, असा अर्थ या देशात होत नसे. आमच्या एक्केचाळीस जणांत एक वृद्ध सभासद होते. सहलीचा विषय निघाला तेव्हा ते काही बोलले नाहीत. मागाहून आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, ‘माझ्या बापाने जिल्ह्यातल्या एका कुंडावर अंघोळ केली होती, पण कुंडात नव्हे. कुंडाचे पाणी भरून वाहून जिथे नदीला मिळे, तिथे आमच्या लोकांनी बसायचे. पाणी तोवर निवलेले असे. बाप म्हणायचा, आम्हांला देवाचे उष्टे पाणी मिळते.’

या उष्ट्या पाण्याविरुद्धचा लढा याच कोकणपट्टीत झाला. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. श्रोतेहो, ठरावातला ‘धर्मशाळा’ हा शब्द नीट ऐकावा. मुक्कामाची जागा निवडण्याचा हक्क म्हणजे काय, याचे या प्रांतातले पहिले मोठे उत्तर त्या ठरावात आहे. बोले हे कामगार हितवर्धक सभेचे कार्यकर्ते, म्हणजे आमच्याच बिरादरीचे. ठराव झाला, पण कागदावर. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी पाण्याला हात लावण्याची कुणाची छाती होईना. तेव्हा २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी त्या तळ्यावर जाऊन ओंजळ भरली. त्याच महाडच्या परिसरात सव येथे उन्हाळे आहे. तळ्याचे थंड पाणी इतिहासात गेले. ऊन पाण्यावर कोण कधी उतरले, याचे पुस्तक कुणी लिहिले नाही.

आम्ही त्या वृद्ध सभासदांना म्हटले, ‘दादा, मग आपण कुंडावरच जायचे. समुद्र राहू द्या.’ सभेत आम्ही हे कारण सांगितले नाही, मतदान घेतले. दोन मतांनी गुडघेवाल्यांचा पक्ष जिंकला. समुद्रवाल्यांची समजूत अशी घातली, की परतीच्या वाटेवर अर्नाळ्याची चौपाटी दाखवू.

मग प्रत्यक्ष जागेचा शोध. आमच्यापैकी तिघे आधी पाहून आलो. तिथे आज लॉज आहेत, भक्तनिवास आहेत, तरणतलाव असलेली मोठी ठिकाणेही आहेत. आम्ही काय पाहिले ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. पहिली गोष्ट पाण्याची. ‘खोलीत गरम पाणी’ अशी पाटी सर्वत्र असते. पण ते कुंडाचे की गॅसवर तापवलेले, हे विचारावे लागते. यात आपणच फसतो असे नाही. २००४ साली जपानमध्ये शिराहोने नावाच्या प्रसिद्ध ठिकाणी काही जागी पाण्याला दुधी रंग यावा म्हणून भुकटी टाकत असल्याचे उघडकीस आले, देशभर गहजब झाला, आणि पुढच्या वर्षी नियम झाला, की पाण्यात साधे पाणी मिसळले असेल, ते वरून तापवले असेल, गाळून तेच तेच फिरवले असेल किंवा त्यात काही टाकले असेल, तर तसे लिहून लावावे. तिथे १९४८ पासून झऱ्यांचा स्वतंत्र कायदाच आहे. उगमापाशी पाणी पंचवीस अंश असले किंवा त्यात ठराविक क्षार असले, तरच त्याला ‘ओन्सेन’ म्हणता येते. पाण्यात काय काय आहे आणि कोणत्या रोग्याने उतरू नये, याचा तक्ता स्नानगृहात टांगावा लागतो. शिवाय स्नानाला येणाऱ्या प्रत्येक माणसामागे दिवसाला साधारणपणे दीडशे येन कर गावाला मिळतो, तो उगम राखण्यासाठी आणि गावासाठी खर्च होतो. आमच्या कुंडांवर असा तक्ता आम्ही शोधला. देवाच्या आरत्यांचा तक्ता मिळाला.

दुसरी गोष्ट नाही म्हणण्याची. त्या भागातल्या एका लॉजच्या गृहस्थांनी एक्केचाळीस जण ऐकून आनंदाने वही उघडली, आणि ‘युनियनची माणसे’ म्हटल्यावर मिटली. ‘कामगार मंडळी रात्री गोंधळ घालतात,’ असे ते म्हणाले. आम्ही विचारले, ‘कंपनीच्या साहेबांची मंडळी येत नाहीत का?’ ते म्हणाले, ‘येतात, त्यांचा गोंधळ बिलात लागतो.’ माणूस प्रामाणिक होता. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो.

शेवटी मिळाली ती साधी जागा. नदीजवळ, दोन लांब खोल्या, गाद्या भाड्याच्या, अंगणात चुलीला जागा. भाडे बेताचे, आणि कुंड चालत पाच मिनिटांवर. तांदूळ-डाळ आम्ही माजिवड्याहून घेऊन गेलो. बेप्पूचे शेतकरी आणि आम्ही एकाच रीतीने राहिलो, फक्त आमचा भात वाफेवर नव्हता. जाताना सर्वांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या : कुंडात साबण नको, जेवून लगेच उतरणे नको, आणि हृदयविकाराच्या माणसाने नुसते पाय सोडून बसावे. जपानी माणूस आधी बाहेर अंग धुतो आणि मग डोहात उतरतो. ही एक गोष्ट तरी त्यांच्याकडून फुकट घेण्यासारखी आहे, असे आम्ही बसमध्ये उभे राहून सांगितले. निम्म्यांनी ऐकले.

पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला आम्ही कुंडावर गेलो. गर्दी नव्हती. बॉयलरवाले आमच्या आधीच तिथे होते. पाण्यात हात बुडवून ते म्हणाले, ‘पन्नासच्या वर आहे.’ अठ्ठावीस वर्षे काटा पाहिलेला माणूस. आम्ही वाद घातला नाही. त्यांनी बादलीने दुसऱ्या, निवत्या कुंडातले पाणी आधी गुडघ्यांवर घेतले, मग हळूहळू उतरले. ते वृद्ध सभासद काठावर उभे होते. त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली, ती पुन्हा उचलून आणखी मागे ठेवली. बॉयलरवाल्यांनी हात पुढे केला. ‘या दादा, पायरी निसरडी आहे.’ ते पायरी पायरीने कमरेपर्यंत उतरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘इथे ऊन आहे की रे.’

तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे अर्नाळ्याला गेलो. समुद्राला ओहोटी होती. समुद्रवाल्या पक्षाने याचाही दोष आमच्यावर ठेवला. संध्याकाळी माजिवड्याच्या नाक्यावर बस रिकामी झाली. निधीतून दोनशे दहा रुपये उरले होते. त्या मुलाने, ज्याने फोनवर चित्र दाखवले होते, त्याने सुचवले, की त्यातून एक फळा रंगवून घ्यावा, कुंडाच्या पाण्याची ऊब किती, त्यात क्षार कोणते आणि कोणी उतरू नये, एवढे त्यावर लिहावे, आणि ग्रामपंचायतीला विचारून तो तिथे लावावा. इतिवृत्ताच्या वहीत तो आमच्या संघटनेचा शेवटचा ठराव म्हणून नोंदलेला आहे. पाण्याची तपासणी करून देणाऱ्या प्रयोगशाळेच्या शोधात आम्ही सध्या आहोत.